मंडळाकडे हॉल आहे, साठ हजार आहेत, मुलं आहेत: सुरुवात कुठून करावी?

इचलकरंजीतल्या एका तरुण मंडळाच्या कार्यकर्त्याने विचारलंय. त्यांच्या भागातल्या अकरावीच्या एका मुलाने गेल्या वर्षी आत्महत्या केली. तेव्हापासून मंडळातल्या सगळ्यांना वाटतंय की लहानमोठ्या मुलांसाठी काहीतरी करायला हवं. समाजमंदिराचा हॉल आहे, मागे व्हॉलीबॉल खेळता येईल एवढी मोकळी जागा आहे, वर्गणीतले साठ हजार रुपये शिल्लक आहेत. काहींचं म्हणणं, मानसोपचारतज्ज्ञांचं व्याख्यान ठेवू. काहींना त्या मुलाच्या नावाने क्रिकेट स्पर्धा भरवायची आहे. काहींना ओपन जिम हवी आहे. ‘यातलं नेमकं काय केलं तर मुलांच्या मनाला उपयोग होईल?’ असा प्रश्न आहे.

मी समुपदेशक आहे आणि सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये मुलांचे खेळगट बरीच वर्षं चालवत आले आहे. उत्तर लांबणार आहे, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. या तिन्हीपैकी काहीही सध्या करू नका. आठवड्यातले पाच दिवस, ठरलेल्या वेळी, दीड तास खेळ सुरू करा. तिथे रोज तीच ताई किंवा तोच दादा हजर असला पाहिजे. आणि एखाद्या मुलाला खेळापलीकडची मदत लागली तर ती कुठे मिळेल, याची चौकशी पहिल्या दिवसाआधी करून ठेवा.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक त्या मुलाच्या जाण्याचा आहे आणि दुसरा भागातल्या सगळ्या मुलांचा. दोन्हींसाठी करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून आधी पहिल्याबद्दल बोलते.

त्याच्या नावाने स्पर्धा, चषक, चौकात मोठा फ्लेक्स हे कृपा करून टाळा. तुमची भावना मला कळते. त्याच्या आईवडिलांनाही कदाचित बरं वाटेल. पण त्याच वयाचा, त्याच कोंडीत सापडलेला एखादा मुलगा गर्दीत उभा राहून ते सगळं बघत असतो. जिवंतपणी ज्याची कुणी विचारपूस केली नाही त्याच्या नावाचा जयघोष चाललाय, असं त्याला दिसतं. एका आत्महत्येनंतर आसपासच्या किशोरवयीन मुलांमध्ये धोका वाढतो, हे अनेक ठिकाणी दिसून आलं आहे. त्याची आठवण जरूर काढा, पण घरात, मित्रांच्या छोट्या गटात, आणि तो कसा जगला याबद्दल बोलून.

त्याचा जवळचा मित्र कोण होता? शेवटचं बोलणं कुणाशी झालं? धाकटं भावंड आहे का? ही तीन-चार नावं मंडळातल्या दोन समंजस माणसांना माहीत असू द्या. त्यांच्याकडे अधूनमधून जा, विशेषतः वर्षश्राद्धाच्या आसपास. ‘तुला कधी जगू नये असं वाटतं का?’ हे सरळ विचारायला लोक घाबरतात. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, अशी भीती असते. तसं होत नाही. उलट, कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून मूल मोकळं होतं. विचारायचं एकट्याला, शांतपणे, आणि उत्तर ऐकायला आपल्याकडे वेळ आहे अशा वेळी.

आणखी एक गोष्ट घराघरात पोचवा. आत्महत्येचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल या भीतीने घरचे लोक लपवतात आणि उपचार राहून जातात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा आहे आणि २०१८ च्या मे महिन्यापासून तो लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. तिच्यावर खटला भरायचा नाही, तिला उपचार आणि आधार द्यायचा, असं कायदा सांगतो.

आता दुसरा, मोठा प्रश्न.

व्याख्यानाला माझा विरोध नाही. डॉक्टर चांगलं बोलतात, पालक टाळ्या वाजवतात, फोटो छान येतात. पण रात्री अकराला ज्या मुलाची छाती धडधडते, त्याला सभागृहात मिळालेली माहिती फारशी कामाला येत नाही. हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. ब्रिटनमध्ये ऐंशीहून अधिक शाळांमधल्या आठ हजारांवर मुलांना वर्गात सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे धडे देऊन पाहिले. २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या मुलांपेक्षा त्यांच्यात काही सरस फरक दिसला नाही. बरीचशी मुलं घरी त्याचा सराव करतच नव्हती.

याउलट एक प्रयोग आपल्याच देशातला आहे. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम राबवला. भित्तिपत्रक, मुलांनी चिठ्ठ्या टाकायची पेटी, दर महिन्याला एक विषय आणि ज्याला हवं त्याला एकट्याने बोलायची सोय, असं त्याचं स्वरूप होतं. काही शाळांत हे काम नेमलेल्या साध्या, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्याने केलं. काही शाळांत तेच काम तिथल्या शिक्षकाकडे दिलं. कार्यकर्ता होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, मुलांच्या नैराश्याची लक्षणं घटली. शिक्षकाकडे काम होतं तिथे तसा परिणाम दिसला नाही. शिक्षक वाईट होते असं यातून मी म्हणणार नाही. त्यांच्यावर शंभर कामं असतात आणि मार्क देणारा, शिक्षा करणारा माणूसही तोच असतो. मी यातून घेतलेली गोष्ट अशी की, ज्याचं काम फक्त मुलांसोबत असणं हे आहे असा एक माणूस लागतो, आणि तो डॉक्टर असण्याची गरज नसते.

आपल्या भागाला हे नवीन नाही. कोल्हापूरच्या पेठांमधल्या तालमी आठवा. पोरगा पहाटे लाल मातीत उतरायचा आणि वस्ताद तिथे असायचाच. पोराने चार दिवस दांडी मारली तर वस्ताद घरी निरोप धाडायचा. त्या तालमींचेच पुढे फुटबॉल संघ झाले. अर्थात तालमीत मुलींना जागा नव्हती, आणि अशक्त किंवा घाबरट पोरालाही फारशी नव्हती. तुम्हाला ती उणीव भरून काढायची आहे. वस्तादाचं रोज असणं मात्र जसंच्या तसं घ्या.

इचलकरंजीत तर खेळाच्या जागेचं महत्त्व जास्तच आहे. ज्या घरात बाप रातपाळी करून येतो आणि दिवसा त्याच एका खोलीत झोपतो, तिथे मुलांना दिवसभर ‘आवाज करू नका’ एवढंच ऐकायला मिळतं. मोठी मुलगी आईबरोबर यंत्रमागाच्या कांड्या भरायला, म्हणजे सूत गुंडाळायला बसते. थोरला मुलगा शाळा सुटल्यावर कारखान्यात हात मारतो. अशा मुलाला दिवसातून दीड तास ओरडायला, धावायला आणि लहान मूल व्हायला मिळालं, तर त्याचं शरीर सैल पडतं आणि रात्री झोप लागते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सुचवते. ‘नुसतं खेळून काय होणार?’ असं विचारणाऱ्या पालकांना एवढं सांगितलं तरी पुरतं.

पण खेळ कोणता आणि कसा, यावर बरंच अवलंबून आहे. बाद झालेलं मूल बाहेर बसतं असे खेळ मी सुरुवातीला घेतच नाही. संगीत खुर्चीत सगळ्यात आधी कोण बाद होतं? जाडं मूल, लाजरं मूल, ज्याला दुसरे ढकलतात ते मूल. ज्याला खेळाची सर्वांत जास्त गरज आहे तेच सर्वांत जास्त वेळ भिंतीला टेकून बसतं. आपल्या जुन्या खेळांत यावर उत्तरं आहेत. विषामृतात विष मिळून थिजलेल्याला गडी अमृत देऊन सोडवतो. डब्बा ऐसपैसमध्ये एकाने डबा उडवला की सापडलेले सगळे सुटतात. कबड्डीत समोरचा गडी मारला की आपला बाद गडी उठतो. मूल बाद होतं, पण कुणीतरी त्याला परत आत घेतं. दिवसभर ज्याला ‘तुला काही जमत नाही’ ऐकावं लागतं, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. लगोरी, लंगडी, खो-खो नंतर आणा, गट जमल्यावर.

तुमच्याकडे क्रिकेटवेडी पोरं असणार आणि भांडणंही होणार. जगभरातले रस्त्यावरच्या फुटबॉलचे गट ‘फुटबॉल थ्री’ नावाची पद्धत वापरतात. सामन्याआधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग पंचाशिवाय खेळतात, आणि शेवटी पुन्हा बसून कोण कसं वागलं यावर बोलतात. चांगल्या वागण्यालाही गुण असतात. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला, त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. खेळाच्या निमित्ताने मुलांशी बाकी सगळं बोलता येतं हे त्यांच्या कामातून महाराष्ट्राने पाहिलंय. गल्ली क्रिकेटलाही ही तीन भागांची पद्धत लागू पडते. पहिले काही दिवस नियम ठरवण्यातच अर्धा वेळ जाईल. जाऊ द्या. ‘एलबीडब्ल्यू धरायचा की नाही’ यावर न मारामारी करता वाद घालायला मुलं शिकतात, तेव्हा त्यांचा घरातला आवाजही बदलतो, असं मला आया सांगतात.

रोजची सुरुवात आणि शेवट मात्र ठरलेला ठेवा. आम्ही गोल करून उभे राहतो आणि प्रत्येकजण बोटं दाखवतो. मूठ म्हणजे आज मन अगदीच बरं नाही, पाचही बोटं म्हणजे मस्त. कुणाला कारण विचारायचं नाही, कुणाला हसायचं नाही. लहान मुलं रोज पाच बोटं दाखवतात आणि दुसऱ्याची बोटं मोजतात. मोठी मुलं सुरुवातीला टिंगल करतात, मग सवय होते. ताईने फक्त बघायचं. एखादं मूल सलग तीन-चार दिवस मूठ दाखवत असेल, तर खेळ संपल्यावर साहित्य आवरायला त्याला थांबवायचं. बोलणं तिथे होतं, चेंडू पिशवीत भरताना. समोरासमोर खुर्च्या टाकून ‘बोल बाळा, काय झालं’ म्हटलं की मूल गप्प होतं. हात कामात आणि नजर खाली असली की ते बोलतं.

एक मुलगा आमच्याकडे अख्खा पावसाळा आला आणि एकदाही खेळला नाही. दाराशी बसून सगळ्यांच्या चपला जोडीने लावायचा. कुणी कुणी त्याला चिडवलंही. आम्ही त्याला मैदानात ओढलं नाही. गुण लिहायची वही त्याच्याकडे दिली. अक्षर सुंदर होतं, वही तो घरी नेऊन पुन्हा नीट उतरवून आणायचा. दिवाळीनंतर एके दिवशी वही देताना ताईला म्हणाला, ‘मी घरी गेलो नाही तर चालेल का आज?’ वडील दारू पिऊन आईला मारत होते आणि हा मध्ये पडला की यालाही. त्या संध्याकाळी ताईने काय केलं ते सांगते, कारण तुमच्याकडेही ही वेळ येईल. तिने ‘वडील आहेत तुझे, समजून घे’ म्हटलं नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही दिलं नाही. ती म्हणाली, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. हे तुझ्यामुळे होत नाही. मी यात एकदोघांची मदत घेणार आहे, कुणाची ते तुला आधी सांगेन.’ मग १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. मुलाच्या मामाला बोलावलं, आशाताईंना, म्हणजे भागातल्या आरोग्य कार्यकर्तीला सोबत घेऊन आईशी बोलणं झालं. सगळं सुटायला बरेच महिने लागले आणि पूर्ण सुटलं असंही नाही. पण मुलाला रात्री जायला मामाचं घर आहे हे ठरलं, आणि उन्हाळ्यात तो खेळायला उतरला.

बहुतेक मुलांना खेळ, ताई आणि मित्र एवढं पुरतं. काहींना पुरत नाही, हे मान्य करूनच काम सुरू करावं लागतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. तुमच्या गटात या वयाची सत्तर मुलं असतील, तर त्यातल्या पाचएक जणांना डॉक्टर किंवा समुपदेशक लागेल असं धरून चाला. झोप आणि जेवण दोन आठवडे बिघडलेलं, आवडीचा खेळ अचानक सोडलेला, सतत चिडचीड किंवा रडू, उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातावर कापल्याच्या खुणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, ‘मी नसलो तर तुमची कटकट संपेल’ असं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. शेवटच्या तीन गोष्टींपैकी एक जरी दिसली तर त्या दिवशी मुलाला एकटं सोडायचं नाही, आणि घरच्यांना सोबत घेऊन दवाखाना गाठायचा.

त्यासाठीची यादी ताईकडे छापील हवी. टेली-मानस, क्रमांक १४४१६, ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि मराठीत बोलता येतं. १०९८ ही अठरा वर्षांखालच्या मुलांसाठीची हेल्पलाइन. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. तो १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आहे आणि आपल्याकडे त्यातली किशोर-किशोरींची बाह्यरुग्ण सेवा ‘मैत्री क्लिनिक’ नावाने ओळखली जाते. तुमच्या आशाताईंना विचारा, जवळचं कुठे आहे. इचलकरंजीच्या आयजीएम रुग्णालयात आणि कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी भेटतात हे मंडळातल्या एकाने स्वतः जाऊन, केसपेपरच्या खिडकीवर विचारून यावं. फोनवरच्या माहितीवर विसंबू नका. घाबरलेल्या आईला घेऊन तुम्ही तिथे पोचाल आणि ‘आज डॉक्टर नाहीत’ ऐकाल, तर ती पुन्हा येणार नाही. डॉक्टर मंडळात बोलवायचे असतील तर ते या टप्प्यावर, खेळ सुरू होऊन चारपाच महिने झाल्यावर, पालकांच्या छोट्या गटाशी प्रश्नोत्तरं करायला बोलवा. तेव्हा लोकांकडे विचारायला खरे प्रश्न असतील.

मुलींबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. तुमच्या प्रश्नात ‘मुलं’ आहे, पण क्रिकेट, जिम हे सगळं मुलग्यांचं आहे. काही न ठरवता मैदान उघडलंत तर दोन आठवड्यांत ते मोठ्या मुलग्यांचं होईल. मुली पाळी सुरू झाली की खेळातून नाहीशा होतात. आयांना विचारलं तर त्या ‘आता मोठी झाली’ एवढंच म्हणतात. जरा बसून बोललं की खरी अडचण कळते: तिथे संडासाला आतून कडी नाही, मंडळाची पोरं कट्ट्यावर बसलेली असतात, अंधार पडल्यावर परत कोण आणणार, आणि सातला स्वयंपाकाला हात लागतात. यातली प्रत्येक अडचण सुटण्यासारखी आहे. कडी बसवा, दिवा लावा, एका कोपऱ्यात पॅडचं पाकीट ठेवा. आठवड्यातले दोन दिवस मैदान फक्त मुलींचं ठेवा आणि त्या वेळी कट्टा रिकामा ठेवायची जबाबदारी मंडळाने घ्यावी. वेळ पाच ते साडेसहा ठेवा, आणि गल्लीतल्या मुली एकत्र परत जातील असं बघा. पहिल्या आठवड्यात ताईने घरोघरी जाऊन आयांना भेटायलाच हवं. आई ताईला ओळखत असेल तर मुलगी येते.

पंधरा-सोळाच्या पुढची मुलं ‘खेळायला या’ म्हणून येत नाहीत. त्यांना कट्टा असतो, मोबाइल असतो, मावा असतो. त्यांच्याशी व्यसनावर भाषणं करू नका, कामं द्या. पंचगिरी, साहित्याची किल्ली, लहानांना कबड्डी शिकवणं, हलगी-लेझीमचा सराव, भिंतीवर दर पंधरवड्याला लावायचं पत्रक. मैदानावर मावा नाही, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा आणि तो मंडळाच्या अध्यक्षांनाही लागू असू द्या. ज्याच्याकडे किल्ली आहे तो मुलगा वेळेवर येतो. जिमचा आग्रह याच वयाच्या मुलांचा असेल. वर्षभर गट टिकला तर पुढच्या वर्गणीतून दोन बार आणि चटया घ्यायला हरकत नाही.

पैशाचं गणित असं करा. साठ हजारांतले अठ्ठेचाळीस हजार मानधनाला ठेवा, महिना चार हजार, बारा महिने. भागातलीच एखादी बी.ए., एम.एस.डब्ल्यू. करणारी मुलगी, अंगणवाडीत काम केलेली बाई किंवा खेळाडू तरुण मिळेल. मानधन कमी आहे हे मला ठाऊक आहे, वाढवता आलं तर वाढवा, पण फुकट मागू नका. मानधन नसलं तर परीक्षा, लग्नसराई, आजारपण यांत ताईचं येणं बंद होतं आणि कुणाला विचारायचा हक्कही उरत नाही. उरलेल्या बारा हजारांत चेंडू, दोऱ्या, चुना, प्रथमोपचार पेटी, संडासाची कडी, बाहेरचा दिवा आणि एक चांगली हजेरीवही. रोज खाऊ नको, शनिवारी केळी किंवा शेंगदाणे-गूळ पुरे.

हजेरीवही हे माझं सगळ्यात आवडतं साधन आहे. किती मुलं आली हा आकडा मंडळाच्या अहवालासाठी ठीक आहे. ताईने बघायचं ते वेगळं: कोण तीन दिवस दिसलं नाही? चौथ्या दिवशी त्याच्या घरी एक मूल पाठवायचं, ‘ताईने विचारलंय’ एवढाच निरोप. मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेऊ नका. न आलेलं मूल परत आलं का, लाजरं मूल कुणाशी तरी बोलायला लागलं का, मोठा मुलगा लहानाला न मारता समजावतो का, यावरून काम कुठे चाललंय ते कळतं.

सुरक्षिततेत तडजोड नको. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, त्यांतली एक बाई. हॉलचं दार उघडं. कुणाही मोठ्याने एकट्या मुलाला बंद खोलीत किंवा गाडीवर न्यायचं नाही, मग तो कितीही विश्वासू असो. मुलांचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. तक्रार कुणाकडे करायची ते मुलांना माहीत हवं, आणि ती व्यक्ती मंडळाबाहेरची, शक्यतो बाई असावी. लैंगिक अत्याचाराची कुणकुण लागली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘भागाची बदनामी होईल’ म्हणून मिटवणं हा गुन्हा आहे. मंडळाच्या बैठकीत हे सगळ्यांसमोर वाचून दाखवा आणि सह्या घ्या. ज्याला हे जाचक वाटेल तो मुलांपासून लांब राहिलेला बरा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्यावर मी इथून नेमकं सांगू शकत नाही. समाजमंदिरावर एकाच समाजाचा किंवा एकाच पुढाऱ्याचा शिक्का असेल, तर बाकीच्यांची मुलं येणार नाहीत. मग शाळेचं पटांगण मागून बघा. मंडळात दोन गट असतील तर मुलांचं काम दोन्ही गटांना मान्य असलेल्या बाईकडे द्या. पाच दिवस जमणार नसेल तर तीन ठेवा, पण तेच तीन वार आणि तीच वेळ.

वर्षाच्या मध्ये दोनदा गट मोडायची वेळ येते. जानेवारी ते मार्च ‘अभ्यास आहे’ म्हणून दहावी-बारावीची मुलं बंद होतात. त्यांच्यासाठी अर्धा तास ठेवा, संध्याकाळी, नुसतं धावून घरी जायचं. पूर्ण बंद करू नका, कारण त्यांना याच महिन्यांत त्याची गरज सर्वांत जास्त असते. दहावी-बारावीचे निकाल लागतात त्या दोन्ही दिवशी हॉल रात्री उशिरापर्यंत उघडा ठेवा. पेढे वाटायला नव्हे, ज्याला घरी जायची भीती वाटते त्याला बसायला जागा असावी म्हणून. ताईने त्या दिवशी यादी घेऊन कमी मार्कांच्या आणि नापास झालेल्या मुलांच्या घरी स्वतः जावं, आणि आईवडिलांसमोर पुरवणी परीक्षेचं बोलावं. गेल्या वर्षी जे झालं, त्यानंतर तुमच्या भागात या दोन संध्याकाळी मी सगळ्यात जास्त जपेन.

दुसरी वेळ गणपतीची. मंडळाचा सगळा जोर तिकडे जातो, हॉलमध्ये मूर्ती आणि साहित्य येतं आणि मुलांची जागा जाते. म्हणून गणपतीच्या तोंडावर सुरू करू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्यावर सुरू केलंत, तर थंडीचे महिने मिळतात, मुलं दमत नाहीत आणि पुढच्या गणपतीपर्यंत गट घट्ट होतो. तोवर करायचं काम भरपूर आहे. ताई ठरवा, आयांना भेटा, दवाखान्यात चौकशी करा. आणि मुलांसोबत राहणाऱ्या प्रत्येकाच्या पोलीस चारित्र्य पडताळणीचा अर्ज याच आठवड्यात भरा, त्याला वेळ लागतो.